पीळ वाढला की दोरा वाकतो का?

गंगापूरच्या शिवारात कापूस पुष्कळ. एका बोंडातला कापूस घ्या, सरकी काढा आणि चिमटीने पीळ देत हातभर दोरा वळा. टोके ताणून धरलीत तोवर दोरा सरळ राहील. आता ती जराशी जवळ आणा. दोरा मधेच वाकेल आणि स्वतःभोवती वेटोळे घालील. तुम्ही तर फक्त पीळ दिला, आडवा जोर मुळीच लावला नाही. मग हा बाक आला कोठून?

पिळलेल्या दोऱ्यात, किल्ली दिलेल्या घड्याळासारखी, ऊर्जा साठते. टोके धरलेली असल्याने पीळ सुटू शकत नाही. पण दोऱ्याने एक वेटोळे घातले, की सुमारे एक फेरी पीळ त्यात जिरतो. वाकायलाही ऊर्जा लागतेच. पीळ थोडा असेल तर हा सौदा तोट्याचा, एका मर्यादेपुढे मात्र फायद्याचा. वेटोळे पडताना टोके जवळ यावी लागतात, म्हणून ताण त्याला अडवून धरतो.

ही मर्यादा १८८३ साली ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने काढली. त्याच्यापुढे प्रश्न होता आगबोटींच्या लांब दांड्यांचा. टोके बिजागरीसारखी मोकळी आणि ताण नसेल, तर दांडा दुप्पट लांब केल्यावर निम्म्याच पीळजोराने तो वाकतो. फेऱ्या मोजल्या तर आणखी गंमत दिसते : गोल पोलादी दांड्याला सुमारे १.३ फेऱ्या पुरतात, मग लांबी-जाडी कितीही असो! अर्थात आखूड, जाड दांडा तिथवर पोचण्याआधीच कायमचा पिळवटतो. हा खेळ सडपातळांचाच.

१९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईजवळच्या समुद्रात तेलाची पहिली विहीर खोदली. अशा विहिरीतील नळ काही इंच जाड आणि किलोमीटरहून लांब असतो, म्हणजे प्रमाणाने दोराच! वरचा भाग स्वतःच्या वजनाने ताणलेला राहतो. तळाशी मात्र दाब येतो, म्हणून तिथे जाड, वजनदार नळ जोडतात.

शेतात कुंपणाची तार ओढताना हेच घडते. भेंडोळे जमिनीवर ठेवून टोक वर ओढले, की प्रत्येक वेढ्यामागे तारेत एक पूर्ण पीळ भरतो. तार सैल पडताच फास तयार होतो. तो तसाच खेचला तर आवळून तीक्ष्ण मुरड पडते आणि पुढे तार तिथेच तुटते. तुटलेली ताणातली तार डोळ्यावर येऊ शकते. म्हणून भेंडोळे चाकासारखे गडगडवत न्यावे. फास पडलाच तर ओढू नये, उलटा फिरवून सोडवावा.

सायकलच्या व्हॉल्व्हची वीतभर रबरी नळी घ्या. तिच्यावर शाईची सरळ रेघ ओढा, नळी उभी धरा आणि न ताणता पिळा. बोटांनी टोके घट्ट धरल्याने ती जरा उशिरा, दोनेक फेऱ्यांनंतर वाकेल. नंतर नळी अर्धी कापून तिच्यावरच्या रेघेने पुन्हा फेऱ्या मोजा.