दाराएवढी उडी

आत्ता उठा आणि घराच्या दारात जाऊन उभे राहा. मान वर करून चौकट बघा. आपल्याकडची दारं साधारण सात फुटांची असतात. आता डोळ्यांसमोर आणा : एक ताई पळत येते, एका पायावर जोर देते आणि चौकटीच्या फक्त दोन-तीन बोटं खाली आडव्या ठेवलेल्या दांडीवरून पलीकडे जाते. दांडी जागच्या जागी!

ही गंमत खरोखर घडली, ३० ऑगस्ट १९८७ रोजी, रोमच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत, महिलांच्या उंच उडीत. ताईचं नाव स्टेफ्का कोस्टाडिनोव्हा. गाव प्लोव्हदिव्ह, देश बल्गेरिया. तिची उंची १.८० मीटर आणि उडी २.०९ मीटर, तेव्हाचा विश्वविक्रम! तिच्या डोक्यावर तुमची कंपासमधली पट्टी नव्हे, ती मोठी, ३० सेंटीमीटरची पट्टी उभी धरा. उडी पट्टीच्या वरच्या टोकापेक्षा जेमतेम एक सेंटीमीटर कमी.

हे जमतं कसं? त्यासाठी आईकडून एक बांगडी मागून आणा. प्रत्येक वस्तूचा एक गुरुत्वमध्य असतो, म्हणजे जणू सगळं वजन जिथे गोळा झालंय असा बिंदू. बांगडीचा तो कुठे सापडेल? काचेत नाही, मधल्या पोकळीत! वस्तू एकीकडे आणि तिचा गुरुत्वमध्य भलतीकडेच.

आपण ताठ उभे असलो की आपला गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. पण कंबरेतून मागे कमान केली, की शरीर बांगडीच्या तुकड्यासारखं होतं आणि तो बिंदू शरीराबाहेर, पाठीच्या खाली सरकू शकतो. म्हणजे उडी मारणारी वरून जाते आणि तिचा गुरुत्वमध्य दांडीखालून गुपचूप निसटू शकतो. चोरच म्हणा ना!

ही पाठीवरची उडी जगाला दाखवली अमेरिकेच्या डिक फॉस्बरीने, १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये. सोनं जिंकूनच दाखवली, त्यामुळे हसायची सोय राहिली नाही.

आणखी एक युक्ती पळण्यात आहे. खेळाडू आधी सरळ धावते, मग वळण घेते. सायकल वळवताना तुम्ही आतल्या बाजूला कलता ना, तशीच तीही कलते. शेवटचं पाऊल जमिनीत रोवलं, की कललेलं शरीर झटक्यात उभं होतं आणि पुढे धावण्याचा बराचसा वेग वर जाण्याच्या कामी येतो. पाय जमिनीला टेकलेला असतो तो अर्ध्या सेकंदाहूनही कितीतरी कमी वेळ. एकदा पाय सुटला, की उंची वाढवता येत नाही, कारण हवेत रेटा द्यायला काहीच नसतं. मग फक्त कसरत उरते : कंबर वर, डोकं खाली, आणि शेवटी पाय पटकन उचलायचे. पुष्कळ चांगल्या उड्या टाचेने घात केल्यामुळे फसतात.

एवढा विक्रम करूनही स्टेफ्काला ऑलिंपिकचं सोनं लगेच मिळालं नाही. १९८८ला सेऊलमध्ये लुईस रिटरने तिला हरवलं आणि तिला रौप्य मिळालं. १९९२ला बार्सिलोनात तर चौथा नंबर, म्हणजे पदकच नाही. १९९५च्या जानेवारीत तिला मुलगा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली! माझ्या मते हा तिचा रोमपेक्षाही मोठा पराक्रम. पुढच्याच वर्षी अटलांटात, एकतिसाव्या वर्षी, २.०५ मीटर उडी मारून तिने ते राहिलेलं सोनं घेतलंच.

रोमचा विक्रम मात्र जवळजवळ ३७ वर्षं कुणालाच मोडता आला नाही. तो मोडला युक्रेनच्या यारोस्लावा माहुचिखने, ७ जुलै २०२४ला पॅरिसमध्ये. विक्रम झाला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तिची उडी होती २.१० मीटर. फक्त एक सेंटीमीटर जास्त!

आता खडू घ्या आणि दाराच्या चौकटीवर २.०९ मीटरची खूण करा. आधी हात पोचतो का बघा. पाठीवरची उडी मात्र जाड फोमची गादी आणि शेजारी खेळाचे सर असल्याशिवाय मारायची नाही. शाळेच्या वाळूच्या हौदात तर मुळीच नाही.