पाणी जपू या, लेखांक ७ : बोअरचं निवळशंख पाणी

गेल्या आठवड्यात फ्लोराइडवर लिहिलं, तेव्हा दोष खडकाचा होता. नायट्रेटचं खापर आपल्या काळ्या पाषाणावर फोडता येत नाही. पाण्यात ते आलं असेल तर वरून आलं, म्हणजे बहुतेक आपणच घातलं.

हिंगोली शहराच्या नळाला सिद्धेश्वर धरणाचं पाणी येतं. नळ आला नाही की हात जातो अंगणातल्या बोअरच्या बटणाकडे. पाणी थंडगार, निवळशंख. नायट्रेट ना डोळ्याला दिसतं, ना जिभेला कळतं. भारतीय मानकाने लिटरला ४५ मिलिग्रॅमची हद्द घातली आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर काही घटकांना जी सवलत मिळते, ती नायट्रेटला नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले सुमारे ३६ टक्के नमुने या हद्दीपलीकडे गेलेले दिसतात. देशातल्या सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांत आपल्या राज्याचे ७. त्यांत हिंगोली नाही. पण नांदेड आणि यवतमाळ हे दोन्ही शेजारी आहेत, आणि शीव ओलांडली म्हणून शेतीची रीत बदलत नाही.

बोट लगेच युरियाकडे जातं. ते रास्तच आहे. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. सगळ्याचं नायट्रेट झालं तर ते ९० किलोंच्या वर भरेल, आणि तेवढ्याने २० लाख लिटर स्वच्छ पाणी हद्दीला टेकेल. अर्थात सगळं झिरपत नाही. काही पीक घेतं, काही हवेत उडून जातं. पण हळदीला, उसाला खत टाकून वर मोकाट पाणी सोडलं की उरलेलं खाली जाणारच.

शहरात मात्र माझा पहिला संशय शोषखड्ड्यावर. प्लॉट एवढासा, पुढे बोअर, मागे संडासाचा खड्डा. मैल्यातल्या अमोनियाचं मातीतले जीवाणू नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. बोअर दोनशे फूट असला तरी केसिंग बहुधा वरच्या मुरमापुरतंच. ते नीट बसलं नसेल तर वरचं पाणी कडेने थेट आत.

मुख्य धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ओठ, नखं निळी पडतात. अमेरिकेतल्या आयोवात डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये याचा संबंध विहिरीच्या पाण्याशी जोडला. त्याच राज्याच्या राजधानीत, डे मॉइनमध्ये, नायट्रेट काढायची खास यंत्रणा आहे. तरीही जून २०२५ मध्ये ती पुरी पडेना, म्हणून हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली! अंगावर पिणाऱ्या बाळाला ही भीती जवळजवळ नाही.

घरोघरी यावर उपाय म्हणून पाणी उकळतात. त्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, पाणी आटेल तसं उलट वाढतं. टीसीएल, तुरटी, कँडलचा फिल्टर यांचाही उपयोग नाही. आरओने कमी होतं.

तपासणीचा कागद हाती आला की आकड्याआधी त्याच्या डावीकडचं नाव वाचा. नुसतं 'नायट्रेट' असेल तर हद्द ४५, 'नायट्रेट, नत्र म्हणून' असेल तर सुमारे १०. एकाच बाटलीतल्या पाण्याचा आकडा एका कागदावर ६२ आणि दुसऱ्यावर १४ येऊ शकतो. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही हद्दीबाहेर.