चितार आळीत जाऊन शिका रे!

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं सगळेच विकत घेतात, पण ती घडताना बघायला कुणी थांबत नाही. पारंपरिक लाकूड पांगाऱ्याचं. हलकं आणि मऊ, त्यामुळे आंब्याची चोचसुद्धा नेमकी कोरता येते.

अशी विद्या म्हाताऱ्या हातांकडून तरुणांकडे जाऊ शकते, याचा पुरावा सावंतवाडीच्या राजवाड्यातच आहे. १९७०च्या दशकात गंजिफा ही पत्ते रंगवण्याची कला जवळपास संपली होती. तेव्हा राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले स्वतः एका वृद्ध चिताऱ्याकडे ती शिकले आणि मग तरुणांना शिकवू लागले. दशावतारी संचात १२० पानं, सगळी हातानं रंगवलेली! २०२४मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मालवण-वेंगुर्ल्याच्या पोरांनो, सुट्टीत एखाद्या जाणत्या कारागिराला विचारून बघा, “काका, शिकवशात काय?”