झापाची भिंत

गॉटफ्रीड झेम्पर या जर्मन वास्तुविदाने १८५१ मध्ये मांडले की भिंतीचा उगम दगडविटांत नाही, विणकामात आहे. छप्पर खांबांनी पेलायचे. भिंत म्हणजे खांबांमध्ये टांगलेली चटई. लंडनच्या महाप्रदर्शनातल्या कॅरिबियन झोपडीत त्याला याचा दाखलाही सापडला. ते वाचताना मला सारखे चिपळूणचे झाप, म्हणजे झावळ्या विणून केलेल्या चटया, आठवत होते. म्हणून एप्रिलअखेर गोवळकोटच्या बाजूला गेले.

आधी वास आला. भिजत घातलेल्या झावळ्यांचा, खाडीच्या चिखलाचा. कुजका आणि तरी गोडसर. झाप विणणाऱ्या एक आजी अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. झावळीचा दांडा मधोमध चिरायचा, भिजवायचा, मग विणायचे. काम एवढेच, पण हात बघत राहावेत असे. एक पात सोडून पुढची उलटी दुमडायची, शेजारच्या पातींच्या खालून-वरून तिरकी न्यायची. दांडा पायाखाली दाबलेला, माग लागतच नाही. ताणा पातींचाच, बाणाही पातींचाच.

“किती टिकतो, आजी?”

“दोन पावसालं.”

दोन पावसाळे! इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि झड आडवी येते. जांभ्याची भिंत भार घेते, पण चिरा सच्छिद्र, पाणी पितो. बाहेरून झाप बांधले की झड तिथेच अडते, पाणी तिरक्या पातींवरून ओघळते आणि वारा आत खेळत राहतो. झापाऐवजी निळी ताडपत्री लावली, तर ती पाण्याबरोबर वाराही कोंडते. मग भिंत वाळत नाही, बुरशी धरते.

विणकर अ‍ॅनी आल्बर्स यांनी १९५७ मध्ये कापड आणि वास्तू यांच्यातले साम्य सांगितले होते: दोन्हींत सुटे भाग आपली ओळख राखून एकसंध होतात. झापात प्रत्येक पात वेगळी दिसते, एखादी फाटली तरी बाकीच्या धरून राहतात.

दोन पावसाळे ही झापाची उणीव, असे वास्तुविशारद म्हणतील. मला तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो: सांगाडा पिढ्यान्‌पिढ्यांचा, कातडी वर्षाआड नवी. जुना झाप भाजावळीला जातो, ताडपत्रीच्या चिंध्या वहाळात.

वास्तुकला महाविद्यालयांना माझे सांगणे एवढेच: बांधकामाच्या साहित्यावर संशोधन करायचे असेल, तर विद्यार्थ्यांना पावसाआधी अशा अंगणात पाठवा. आजींना शिक्षक म्हणून बसवा आणि पाहुण्या व्याख्यात्याला देता तेवढेच मानधन त्यांना द्या.