तंजावरचे मराठीपण

मराठी नाट्यवाङ्मयाचा आरंभ विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या प्रयोगापासून धरण्याचा प्रघात आहे. मग तंजावरच्या भोसले दरबारात त्यापूर्वी सुमारे दीड शतक रचली गेलेली मराठी नाटके कोठे ठेवावयाची? शहाजीराजांच्या (राज्यकाल १६८४–१७१२) ‘लक्ष्मीनारायणकल्याणा’चा एक कुतूहलाचा विषय म्हणून उल्लेख करून पुढे जाणे सोयीचे असते, न्याय्य मात्र नाही. ही नाटके ज्या समाजात जन्मली, त्याची घडण पाहिल्यावाचून त्यांचे मर्म कळत नाही.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास राज्य स्थापिले तेव्हा प्रजा तमिळभाषी होती, आणि नायक राजांच्या आश्रयाने तेलुगू ही दरबारी काव्य-संगीताची भाषा झालेली होती. मराठे सरदार, देशस्थ ब्राह्मण आणि रामदासी मठ यांच्याबरोबर मराठी तेथे गेली. परंतु तिने या दोन्ही भाषांना दूर सारले नाही. शहाजीराजांनी स्वतः तेलुगूत यक्षगाने रचली. त्यांच्या ‘पंचभाषाविलासा’त तर संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ व हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदतात.

ही देवघेव दुतर्फा होती. मराठी कीर्तनाने दक्षिणेतील हरिकथेला नवे वळण दिले. उलट, कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८–१८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’त तो मराठीत आणला आणि त्यातून जगाचा भूगोल सांगितला. भरतनाट्याच्या नृत्यक्रमासाठीही त्यांनी मराठी रचना केल्या. चोळकालीन बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला गेला. चोळांची शिळा आणि मराठी अक्षर यांचा हा संयोग तंजावरच्या संस्कृतीचे प्रतीकच होय.

१८५५ मध्ये राज्य खालसा झाले. दरबार गेला, भाषा मात्र तमिळ-तेलुगू शब्द सामावून घेत घराघरांतून टिकली. सरस्वती महालातील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आजही अभ्यासकाची वाट पाहत आहेत. तंजावरची मराठी ही मूळ प्रवाहापासून तुटलेली शाखा मानली, तर तिच्यातील परभाषांचा अंश दोष ठरतो. संगम मानला, तर तोच तिचे वैभव ठरतो. मराठी वाङ्मयाचा इतिहास केवळ सह्याद्रीच्या कुशीत घडला नाही, हे मान्य करावयाचे असेल, तर त्याचे पहिले नाट्यप्रकरण कावेरीकाठी उघडावे लागेल.