जेथे रंग, तेथेच धागा

येवल्याला आमच्या पुढच्या खोलीत माग आहे. त्याच्या खटखटीतच मी लहानाची मोठी झाले आणि कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिली ठरले. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत फॅशनचे शिक्षण देणाऱ्या एका संस्थेतले प्राध्यापक व विद्यार्थी आमच्याकडे आले, तेव्हा आप्पांनी मलाच पुढे केले. "तू शिकलेली. तूच सांग त्यांना."

त्यांच्या संशोधनाचा विषय होता 'शाश्वत फॅशन'. शब्द जड आहे, अर्थ मात्र साधा. कापड असे करायचे की पाणी, रंग, धागा यांची नासाडी कमी व्हावी, ते पुष्कळ वर्षे टिकावे आणि करणाऱ्याचे पोटही भरावे. तयार कपड्यांच्या कारखान्यात बेततानाच कापडाचा साधारण शेकडा पंधरा भाग कात्रणात जातो, असा अंदाज सांगितला जातो. साडीला मुळी कात्रीच लागत नाही. इतके मी ऐटीत सांगितले.

मग एका मुलीने विचारले, "पदरावरच्या मोराचा निळा धागा मागच्या बाजूने कुठे जातो?" मी गप्प. आप्पा म्हणाले, "कुठेच जात नाही, बघा," आणि त्यांनी पदराचा एक जुना तुकडा उलटा करून दाखवला. मागेही तोच मोर!

त्यातले मर्म असे. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे रेशीम गुंडाळलेली बारीक कांडी, असते. निळी तिल्ली मोराच्या अंगापुरतीच फिरते. दुसऱ्या रंगाची हद्द आली की दोन्ही धागे एकमेकांत अडकतात आणि आपापल्या घरी परततात. जॅकार्डवर विणलेल्या स्वस्त नकलेत मात्र निळा धागा पाठीमागून लांबवर धावतो, हवा तेथेच वर येतो आणि मागे लोंबणारा भाग मग कापून टाकतात. तेवढा धागा फुकट! (पैठणी घेताना पदर आधी उलटा करून पाहावा, दुकानदार रागावला तरी चालेल.) या काटकसरीची किंमत वेळेत मोजावी लागते. भरगच्च पदराला महिने लागतात आणि गिऱ्हाईक नकलेच्या भावाशी तुलना करते.

हातमाग म्हटला की सारेच निर्मळ, असेही नाही. रेशीम येते कर्नाटकातून. ते निघते किडा आत असताना उकळलेल्या कोशातून. रंग बहुतेक रासायनिक. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला, तेव्हापासून वनस्पतींचे रंग मागे पडत गेले. "रंगाच्या उरलेल्या पाण्याचे काय करतात?" असे प्राध्यापकांनी विचारले, तेव्हा आप्पाही गप्प झाले.

जाताना त्यांनी एक तक्ता भरून घेतला. नाव, वय, कामाची वर्षे, शिक्षण. आप्पांनी सांगितले, "चौथी." मी तसेच लिहिले. ज्याला विचारायला इतकी माणसे आली, त्याच्या शिक्षणाच्या रकान्यात एवढेच! आणि माझ्या रकान्यात बी. ए., जिला मोराचा धागा ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मागावर बसले. हद्दीवर धागे अडकवायला विसरले आणि दोन रंगांमध्ये फट पडली. आप्पांनी काही न बोलता तेवढे धागे काढले आणि तिल्ली पुन्हा माझ्या हातात दिली.