टिपणवही निवडताना

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. दिवसभरात जे जे आले-गेले ते घडेल तसे रोजकीर्दीत पडे. मग सवडीने ज्याच्या त्याच्या नावे ते खतावणीत चढे. पहिली वही लिहायला सोपी, दुसरी शोधायला सोपी. मोबाइलवर टिपणे ठेवण्यासाठी आज जी ॲप्स मिळतात, त्यांतून एखादे निवडायचे तर या दोन वह्या डोळ्यांपुढे ठेवाव्यात.

तुम्हीच पाहा ना. २०१३ साली निघालेले गूगल कीप म्हणजे सरळसरळ रोजकीर्द. रंगीत चिठ्ठी उघडावी, वाण्याची यादी किंवा सुचलेले वाक्य तीत टाकावे आणि मोकळे व्हावे. मायक्रोसॉफ्टचे वननोट खतावणीच्या जातीचे : वही, वहीत विभाग, विभागात पाने. नोशनमध्ये तर टिपणांचे तक्तेच्या तक्ते मांडता येतात. मात्र हौशी मनुष्य तेथे मांडणीतच रमतो आणि टिपण राहते बाजूला! ऑब्सिडियनची तऱ्हा निराळी. त्यात प्रत्येक टिपण ही साध्या मजकुराची एक फाइल असते, ती तुमच्याच यंत्रावर राहते, आणि एका टिपणातून दुसऱ्याकडे दुवा जोडता येतो. निक्लास लुहमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लाकडी पेट्यांत अशाच एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या. आपल्याला एवढा व्याप नको, हे खरे.

यांतले चांगले कोणते, असे मला विद्यार्थी विचारतात. मी उलट विचारतो, त्यातून बाहेर कसे पडणार? टिपण आत घेण्याची सोय सगळेच उत्तम करतात. गिऱ्हाईक त्याच दाराने येते ना! मागचे दार पाहून ठेवायचे मात्र आपल्याला सुचत नाही. गूगलचीच नोटबुक नावाची एक सेवा २००६ साली निघाली आणि २०१२ मध्ये बंद झाली. एव्हरनोट अनेकांची वर्षानुवर्षांची वही; २०२३ च्या डिसेंबरात त्यांनी फुकट वापरणाऱ्यांना एक वही आणि पन्नास टिपणे एवढीच मर्यादा घातली. धंदा त्यांचा, नियम त्यांचे. तक्रार कशी करणार?

आमच्या एका सहकाऱ्यांनी आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या अशाच एका ॲपमध्ये उतरवून घेतल्या होत्या. तीनशेच्या वर. आई पुढे वारल्या. मग ते ॲप बंद होणार अशी सूचना आली, तेव्हा कळले की मजकूर एकेका टिपणापुरताच बाहेर काढता येतो. घरची चार माणसे दोन रात्री बसली आणि एकेक ओवी नकलून घेतली. ओव्या वाचल्या. पण कोणती ओवी कोणत्या दिवशी म्हणून दाखवली, त्या तारखा गेल्या त्या गेल्याच.

मोडी दप्तरांचेही असेच झाले आहे. कागद टिकला, शाई टिकली, वाचणारे थोडे उरले. एखाद्या ॲपच्या स्वतःच्या साच्यात अडकलेला मजकूर तसाच समजा. साधी फाइल कोणत्याही यंत्रावर उघडते. अर्थात फाइल तुमच्याजवळ म्हटल्यावर तिची दुसरी प्रत ठेवण्याची जबाबदारीही तुमचीच, बरं का! मोबाइल हरवला तर ऑब्सिडियन काय करणार?

आता आपल्या मराठीची एक खास अडचण. ‘ॲप’मधला ‘ॲ’ संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या र-चेही तेच. डोळ्याला अक्षर एक, यंत्राला दोन. त्यामुळे एका कळफलकावर लिहिलेला शब्द दुसऱ्यावरून शोधला तर सापडेलच असे नाही. चारशे टिपणांत हवे ते सापडत नसेल तर ती खतावणी कसली? जाहिरातीत याचा उल्लेख नसतो. आपणच पाहावे लागते.

तेव्हा आठवडाभर दहा-बारा खरी टिपणे ठेवून पाहा. मोबाइलवर ‘दुसऱ्या’ लिहा आणि संगणकावरून शोधा. मग सगळी टिपणे एकदम बाहेर काढा, आणि तारखा आल्या का, चित्रे आली का, ते तपासा. कीपमधून काढायची असतील तर गूगलच्या टेकआउट या सेवेतून निघतात. बँकेचे परवलीचे शब्द मात्र या कोणत्याच वहीत लिहू नका. त्यांच्यासाठी वेगळी कुलूपबंद ॲप्स मिळतात.

माझे मत विचाराल तर वाण्याच्या यादीला कीप पुरे. आईच्या ओव्या, वडिलांची औषधे, वाचलेल्या पुस्तकांवरची टाचणे, हे सारे साध्या फाइलींत ठेवावे, आणि त्या कोठे आहेत ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवावे.